आधी वाचून दाखवणारी

खुटबावची वार्ताहर अंजना बरकडे हिच्याबद्दल पेपरच्या पुण्याच्या ऑफिसात दोन मतं आहेत. निम्मे लोक तिला मानतात, आणि उरलेल्यांनी तिच्यापुढे हात टेकलेत. कारण एकच आहे. बातमी पाठवायच्या आधी ही बाई ती बातमी ज्या माणसाची आहे, त्याला वाचून दाखवते. फोनवर टाइप केलेला सगळा मजकूर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, समोर बसून, मोठ्यानं.

पत्रकारितेत हे बसत नाही, हे तिला चौदा वर्षांत चौदा जणांनी सांगून झालंय. अशानं उद्या एखादा पुढारी बातमी छापूच देणार नाही, असं आवृत्तीप्रमुख सुमित सरांचं म्हणणं. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असतं. ती म्हणते, "सर, पुढाऱ्याला मी कुठं दाखवते? त्याच्याकडं फोन हाय, पीए हाय, दुसऱ्या दिवशी आपल्याला झापायला येळ हाय. ज्याच्यापतुर पेपर कधी जायचाच न्हाई, त्याला दाखवते मी."

आता हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

बरकडे मूळचे मेंढरंवाले. कालव्याचं पाणी आलं, जमीन हाताशी आली, तसे ते खुटबावला स्थिरावले. आज त्यांच्या रानात ऊस आहे, कांदा आहे, मेथी-कोथिंबीर आहे. पण अंजना लहान असेपर्यंत तिचे वडील भिमा आणि आई सगुणाबाई दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे, ते उन्हाळा संपता संपता परत यायचे. पाच-सहा घरं एकत्र चालायची. चालत्या घरांच्या त्या मेळाला ते वाडा म्हणायचे. एक वाडा पुढे, दुसरा दोन मुक्काम मागे, तिसरा नदीपलीकडे. लिहायला-वाचायला कुणालाच येत नव्हतं आणि फोन तर कुणी बघितलाही नव्हता. सगळा कारभार निरोपावर चालायचा, आणि निरोपाचा एक कायदा होता. निरोप नेणाऱ्यानं निघायच्या आधी तो धाडणाऱ्याला उलट म्हणून दाखवायचा. चुकला की पुन्हा. सगुणाबाई तर तीन-तीनदा म्हणायला लावायची आणि त्याशिवाय भाकरी बांधून द्यायची नाही. एकदा एका उतावळ्या पाहुण्यानं "कळलं, कळलं" म्हणत न म्हणताच पाय उचलला, आणि सबंध वाडा दोन दिवस चुकीच्या काठावर वाट बघत बसला. त्या पाहुण्याचं नाव आजही त्यांच्या भावकीत आदरानं घेतलं जात नाही.

अशा या सगुणाबाईचा एका साली पेपरात फोटो आला. घाटाच्या तोंडाशी कुणी वार्ताहर उभा होता. त्यानं घोड्याची दोरी धरलेली सगुणाबाई टिपली. घोड्यावर संसार, संसारावर तीन वर्षांची अंजना. फोटो झकास होता. दोन महिन्यांनी एका गावच्या मास्तरांनी तो जपून ठेवलेला कागद दाखवला आणि खालची ओळ वाचली, 'पोटाची खळगी भरण्यासाठी लाचार भटकंती'.

सगुणाबाईनं मास्तरांना ती ओळ दुसऱ्यांदा वाचायला लावली. मग ती जी कडाडली, ती भिमालाही आवरेना. "लाचार? दोनशे मेंढरं हायेत माझी! त्या दिशी आमी लगनाला चाललो हुतो, नवं लुगडं हाय माझ्या अंगावर, दिसत न्हाई त्याला? नाव न्हाई, गाव न्हाई, आन् लाचार म्हणून मोकळा! मी हितंच हुते की उभी. आधी वाचून दाखवला असता, तर काय त्याची जीभ झिजली असती?"

ते वाक्य अंजनानं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं, की यवतच्या कॉलेजातून बीए होऊन ती वार्ताहर झाली तेव्हा तिला ते वेगळं शिकावं लागलं नाही. सुरुवातीला सत्कार, वाढदिवस, सोसायटीची निवडणूक असल्या बातम्या. पुढे राहू, विठ्ठलवाडी, शिक्रापूर करत तिची स्कूटर सणसवाडीच्या पट्ट्यात पोचली. कंपन्या, त्यांच्या मागे खोल्यांच्या चाळी, चाळींत बिहार, ओडिशा, लातूर, यवतमाळ. इथल्या माणसांच्या बातम्या दोनच प्रकारच्या येतात, हे तिच्या लवकर ध्यानात आलं. एक तर 'परप्रांतीयांचे लोंढे', नाहीतर 'परप्रांतीयांचे हाल'. लोंढ्याला नाव नसतं आणि हालालाही नसतं. अंजनाच्या बातमीत मात्र नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं असायचं. डेस्कवरचे लोक जागा वाचवायला ते कापायचे, मग दुसऱ्या दिवशी तिचा फोन यायचा, आणि तो फोन कुणाला नको असायचा.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेनऊला मेथीच्या जुड्या बांधत असताना सुमित सरांचा फोन आला.

"ताई, सणसवाडी! फ्रंट पेज!"

रात्री एका गोदामातून तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली होती. आणि त्याच गावातल्या एका चाळीतल्या बावीसपैकी अठरा खोल्यांना सकाळी कुलपं दिसली. झालं. दोन नि दोन चार करायला मोबाइल बसलेलेच असतात. त्यातच एक फोटो फिरत होता. छोट्या टेम्पोत दाटीवाटीनं बसलेली पोरं, मध्ये गोणपाटात गुंडाळलेलं एक मोठं बोचकं, आणि त्याला मिठी मारून हसणारा एक जण. त्याच्या तोंडाभोवती कुणीतरी लाल वर्तुळ काढलं होतं. खाली लिहिलं होतं, 'हाच तो म्होरक्या'.

"मथळा पण तयार आहे," सर म्हणाले. "तांबे लुटून परप्रांतीय टोळी पसार. तुम्ही फक्त गावकऱ्यांच्या प्रतिक्रिया घ्या, सहापर्यंत पाठवा. बाकीच्यांनी वेबसाइटवर लावलीसुद्धा."

चौदा वर्षांत पहिल्या पानावर अंजनाचं नाव एकदाही आलं नव्हतं. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. जुडी तशीच टाकून ती उठली.

चाळीत पोचली तेव्हा दुपार झाली होती. पन्नासेक माणूस जमलं होतं, त्यातली निम्मी पोरं मोबाइल वर धरून. उघड्या चार खोल्यांपैकी तीन लातूरकडच्या लोकांच्या होत्या. ते दारं लोटून आत बसले होते. चौथ्या खोलीच्या, सात नंबरच्या, उंबऱ्यावर एक बाई बसली होती. पोट पुढे आलेलं, आठवा महिना सरत आलेला. वर्तुळातल्या माणसाची ती बायको, करुणा महतो. तिच्यासमोर चाळीचे मालक ज्ञानदेव आप्पा उभे होते. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. चेहरा घामानं डबडबलेला, आणि डोळे सारखे पोरांकडे.

"पाचच्या आत खोली रिकामी कर," ते करुणाला म्हणत होते. "मला गावात ऱ्हायचंय."

करुणा जाणार कुठे, हे कुणी विचारत नव्हतं. विचारायचं ते अंजनानं विचारलं, पण वेगळंच. तिची नजर खोलीत गेली होती. भिंतीवरच्या खिळ्याला एका तारेत ओवलेल्या किल्ल्या लटकत होत्या. तिनं उभ्या-उभ्या मोजल्या. अठरा.

वाडा चालायचा तेव्हा लग्नाकार्याला माणसं गेली, की एक बाई मागे राहायची. सगळ्यांचं किडूकमिडूक तिच्या ताब्यात. ज्यांना परत यायचं असतं, तीच माणसं असं करतात. पळून जाणारा किल्ली कशाला ठेवून जाईल? अंजना करुणाशेजारी उंबऱ्यावर बसली.

"सब किधर गए हैं?"

"शादी में," करुणा म्हणाली. सकाळपासून हे तिनं दहा जणांना सांगितलं असावं, अशा थकलेल्या आवाजात. "हमारी ननद की. सब एक ही गाँव के हैं ना, दीदी. कल चार बजे गए. दौंड से गाड़ी थी."

"आणि तू?"

तिनं नुसतं पोटाकडे बोट दाखवलं. रेल्वेच्या डब्यात दोन दिवस, या अवस्थेत. सख्ख्या नणंदेचं लग्न, आणि हिला जाता आलं नव्हतं.

बोचक्यात टेबल फॅन होता. नवरीसाठी. गोणपाट शिवलं करुणानंच होतं, टाके कसे घातले तेही तिनं सांगितलं. नवरा आप्पांना सांगून गेला होता असंही ती म्हणाली; अंजनानं आप्पांना विचारलं, तर "मला ह्यात वढू नगा" म्हणून त्यांनी हात झटकले.

अंजनानं तिला नवऱ्याला, शंभूला, फोन लावायला सांगितलं. फोन लागेना, रेंज नव्हती. पण तिकिटाचा फोटो करुणाच्या मोबाइलमध्ये आलेला होता. दौंड, काल रात्री आठ-चाळीस. मग अंजनानं ठाण्यात फोन लावला. फौजदारांनी फिर्याद वाचून दाखवली. गोदामाला रात्री दहाला कुलूप लावताना वॉचमननं माल डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे तांबं जाग्यावर होतं, तेव्हा अठरा खोल्यांची माणसं अहिल्यानगर गाठत आलेली. आणि फिर्यादीत चाळीतल्या एकाचंही नाव नव्हतं. एवढं कळायला दोन फोन पुरले. ते सकाळपासून एकाही वार्ताहरानं केले नव्हते.

साडेतीन वाजले होते. तिथेच बसून तिनं बातमी लिहायला घेतली. मनगटं दुखेपर्यंत लिहिलं, रागात लिहिलं, आणि तो राग मजकुरात चांगला उतरला आहे असं तिला वाटलं. मग नेहमीप्रमाणे ती करुणाकडे वळली. आजूबाजूला गर्दी होती, म्हणून नेहमीपेक्षा मोठा आवाज काढला. एक वाक्य मराठीत, तेच पुन्हा हिंदीत. पोरांचे मोबाइल वर होतेच. आता तेही ऐकायला लागले.

"पोटासाठी शेकडो मैल दूर आलेल्या गरीब मजुरांवर संशयाची कुऱ्हाड कोसळली असून, मागे राहिलेली असहाय गर्भवती करुणा महतो..."

हिंदी ऐकून करुणानं हात वर केला.

"असहाय किसको लिखा, दीदी?"

अंजना थांबली.

"अठारह घर की चाबी मेरे पास है," करुणा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पाठ ताठ झाली होती. "अठारह घर! सबने मुझे दी, और किसी को नहीं. टंकी का पानी मैं देखती हूँ, बिल्ली को दूध मैं देती हूँ. और शंभू सुपरवाइज़र है, मज़दूर नहीं. असहाय काट दीजिए."

अंजनाचे कान तापले. जे आईच्या बाबतीत घडलं म्हणून तिनं हा सगळा खटाटोप मांडला, तेच तिनं आपल्या हातानं लिहून ठेवलं होतं. तिच्या आईला एका अनोळखी माणसानं लाचार केलं. करुणाला तिनं, शेजारी मांडीला मांडी लावून बसून, असहाय केलं. चांगुलपणाच्या भरात. तिला मनापासून लाज वाटली, आणि मनापासूनच बरंही वाटलं, की हे छापून आल्यावर नाही, आत्ताच कळलं.

"काटलं," ती म्हणाली. 'असहाय' गेलं, 'गरीब' गेलं, 'पोटासाठी' गेलं. त्या जागी लिहिलं, 'अठरा कुटुंबांनी आपल्या खोल्यांच्या किल्ल्या ज्यांच्यावर सोपवल्या, त्या करुणा महतो'. ते तिनं पुन्हा वाचलं. करुणानं मान डोलावली. गर्दीतला एक जण पुढे होऊन खिळ्यावरच्या किल्ल्या बघून गेला, आणि मागे जाऊन दुसऱ्याच्या कानाला लागला.

अंजना पुढे वाचू लागली. तिकीट, टेम्पो, टेबल फॅन, फिर्यादीतली दहाची वेळ. दहाची वेळ आली तेव्हा दोन मोबाइल खाली आले. मग शेवटचा परिच्छेद आला.

"गावाला जाण्यापूर्वी शंभू यांनी चाळमालकांना लग्नाची कल्पना दिली होती, असे करुणा यांनी सांगितले. चाळमालक ज्ञानदेव यांनी त्यावर बोलण्यास नकार दिला. आठ महिन्यांच्या गर्भवती महिलेस त्यांनी सायंकाळी पाचपर्यंत खोली सोडण्यास बजावले आहे."

"ताई," आप्पा घाईघाईनं पुढे आले, "आसं लिवू नगा."

"का? खोटं हाय का ह्यात काही?"

आप्पांनी पोरांकडे पाहिलं. पोरं त्यांच्याकडे बघत होती, आणि आता मोबाइलही त्यांच्याकडेच होते.

"खोटं न्हाई, पर..."

"पर काय, आप्पा? नाव तुमचंच हाय, म्हणून तुमालाबी वाचून दाखवलं. खोटं असल तर आत्ता खोडते. खरं असल तर कसं खोडू?"

"म्हंजी उद्या माझी सून वाचील, माझा नातू वाचील..."

"वाचतीलच की."

अंजनानं घाई केली नाही. चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि खिशातला दुसरा फोन सारखा थरथरत होता. सुमित सर असणार हे तिला ठाऊक होतं.

"मी वाक्य बदलायला तयार हाय, आप्पा," ती शेवटी म्हणाली. "पर आधी ते घडलंय ते तुमी बदला. मग मी बदलते."

त्या एका वाक्यासाठी तरी तिला मानलं पाहिजे.

ज्ञानदेव आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग ते गर्दीकडे वळले, आणि सकाळपासून जे गिळून बसले होते ते एकदाचं बोलले. "मला सांगून गेले हुते रं ते. परवाच. शंभू पेढे दिऊन गेला. बहिनीचं लगीन हाय म्हनला, आप्पा, तुमीबी चला म्हनला. मी भ्यालो तुमाला, म्हणून बोललो न्हाई." घसा खाकरून त्यांनी पुढचं जरा मोठ्यानं म्हटलं. "ही बाई हितंच ऱ्हाईल. कुणाला काय करायचं आसल, त्यानं माझ्या दारात यावं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं इकडे तिकडे बघत पांगली. एकानं जाता जाता मोबाइलवरची पोस्ट खोडताना अंजनानं पाहिलं. आप्पांच्या घरून पाऊण तासात करुणाला चहा आला. अंजनानं परिच्छेद बदलला आणि आप्पांना पुन्हा वाचून दाखवला. ते म्हणाले, "मी भ्यालो हे ऱ्हाऊ द्या. ते खरं हाय."

अजून शंभू राहिला होता. फोटो त्याचा, नाव त्याचं, आणि गाडी कुठेतरी मध्य प्रदेशात. सुमित सरांना तिनं सांगितलं, "सर, टोळी न्हाई. लगनाचं वऱ्हाड हाय."

"ताई, तुम्हाला कळतंय का, पहिलं पान जाईल. वऱ्हाडाला कोण पहिल्या पानावर घेतं?"

"जाऊ द्या, सर."

"मग निदान आत्ता पाठवा!"

"एक माणूस ऱ्हायलाय वाचून दाखवायचा."

सर काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावणेसहाला सतना स्टेशनात गाडी शिरली आणि शंभूचा फोन लागला. आपल्या तोंडाभोवतीचं लाल वर्तुळ त्यानं सकाळीच बघितलं होतं. दिवसभर तो डब्यात कुणाशी बोलला नव्हता, असं शेजारच्यानं सांगितलं. अंजनानं वाचायला सुरुवात केली तेव्हा त्यानं फोन स्पीकरवर टाकला. सबंध डबा ऐकत होता, चहावाल्याचा पुकारा मध्येच बंद झाल्याचंही तिला ऐकू आलं. वाचून संपलं.

"सब ठीक है, दीदी," मग तो म्हणाला. "बस एक चीज़ छूट गई. दुल्हन का नाम."

"सांग."

"अंजना."

अंजना बरकडे खदखदून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. पाच अठ्ठावन्नला बातमी गेली.

पहिल्या पानावर ती आली नाही. चौथ्या पानावर तीन कॉलम आली, नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळ्यांसकट. या वेळी डेस्कवर कुणी कात्री लावली नव्हती. बाकीच्यांनी छापलेली टोळी त्यांना तिसऱ्या दिवशी मागे घ्यावी लागली, चार ओळींत, कुणाचंही नाव न घेता. तांबं शेवटी गोदामाच्याच एका माणसाकडे सापडलं. सुमित सरांनी आठवड्याच्या बैठकीत सगळ्या वार्ताहरांना सांगितलं, की इथून पुढे आरोप ज्याच्यावर आहे त्याला फोन केल्याशिवाय बातमी पाठवायची नाही. ही पद्धत कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. पण बैठकीतली झाडून सगळी माणसं अंजनाकडे बघून हसली, आणि तिनंही मान खाली घातली नाही.

जूनमध्ये, वऱ्हाड परत यायच्या चार दिवस आधी, करुणाला कळा सुरू झाल्या. ज्ञानदेव आप्पांनीच गाडी काढली, त्यांची सून बरोबर बसली, आणि वाटेतच त्यांनी अंजनाला फोन केला. ती शिक्रापूरच्या दवाखान्यात पोचली तेव्हा मुलगी झालेली होती, दोघी सुखरूप होत्या, आणि आप्पा खिडकीशी उभे होते. आतला कारकून नोंदीचा कागद भरत होता.

"बाहेरचे लोक ना? कायमचा पत्ता माहीत आहे का कुणाला? नसला तर नुसतं बिहार टाकतो."

"बिहार टाकू नगा," आप्पा म्हणाले. "नवादा जिल्हा टाका, ते तिच्या बापाचं गाव. आन् पोरीचं लिवा, खोली नंबर सात, सणसवाडी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. ती हितली हाय."